परदेशातल्या एटीएमची तयारी कोल्हापुरातच व्हावी

मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर यांस,

सविनय नमस्कार.

शिरोली-गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले जर्मनीतल्या प्रदर्शनांना जातात, इचलकरंजी-हुपरीचे व्यापारी दुबई गाठतात, गावोगावची मुले शिकायला बाहेर पडतात, कितीतरी जण उमराहला जातात. कार्ड चालत नाही हे त्यांना कळते ते तिथल्या एटीएमसमोर, आणि तेव्हा इथल्या शाखेत जाऊन काही करून घेण्याची सोय उरलेली नसते. जिल्ह्यातल्या बँकांची सल्लागार समिती आपल्या अध्यक्षतेखाली भरते, म्हणून हे पत्र आपल्याला.

पहिली अडचण कार्डाचीच. आपला जिल्हा सहकाराचा. दुधाचे, उसाचे पैसे ज्या खात्यावर जमा होतात, त्याचे रुपे कार्ड पुष्कळदा फक्त देशात चालणारे असते. डिस्कव्हर, डायनर्स या परदेशी कार्ड कंपन्यांच्या जाळ्यावर चालणारी रुपेची जागतिक कार्डे वेगळी. हा फरक कार्ड देतानाच काउंटरवर सांगायला हवा. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशामुळे कोणतेही नवे कार्ड देशाबाहेर बंदच मिळते. निघण्यापूर्वी ॲपमधून आंतरराष्ट्रीय वापर सुरू करावा लागतो. त्यातही फक्त एटीएम चालू ठेवावे, ऑनलाइन बंद ठेवावे, रोजची मर्यादा गरजेपुरती खाली आणावी आणि परतल्यावर सगळे पुन्हा बंद करावे.

सर्वांत जास्त पैसे जातात ते एका प्रश्नापायी. मशीन विचारते, ‘रक्कम रुपयांत वळती करू का?’ ओळखीचे चलन दिसते आणि माणूस ‘हो’ दाबतो. तो दर मशीन चालवणाऱ्याचा असतो, त्याची टक्केवारी त्यातच धरलेली असते. ‘नको’ म्हटले तर व्यवहार फसेल ही भीती खोटी आहे. पैसे मिळतातच, फक्त हिशेब स्थानिक चलनात होतो आणि कार्डाच्या जाळ्याचा दर लागतो. विमानतळ आणि पर्यटनस्थळांवरच्या खासगी मशीनवर हा प्रश्न हमखास येतो. आपल्या बँकेचा चलनबदलाचा अधिभार, दर वेळचे शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी वेगळाच. थायलंडमध्ये तर तिथली बँकही परदेशी कार्डावर दर वेळी २०० बाटहून अधिक घेते. म्हणून पाचदा थोडेथोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढलेले बरे. क्रेडिट कार्डाने मात्र रोख काढूच नये. व्याज त्याच दिवसापासून सुरू होते.

मशीन निवडावे ते बँकेच्या आतले, आणि तेही शाखा उघडी असताना. कार्ड अडकले तर दाद मागायला आत माणूस असतो. कार्डाची नक्कल करणारे यंत्र वर बसवलेले नाही ना, हे कळायला कार्डाची खाच हलवून पाहावी, पिन दाबताना दुसऱ्या हाताने आडोसा धरावा. चिपची नक्कल करणे फार कठीण. कार्डामागच्या काळ्या चुंबकीय पट्टीची मात्र सहज होते, आणि चोरलेला पिन जोडीला असला की पट्टी चालणाऱ्या दुसऱ्या देशात पैसे निघतात. कार्ड आत अडकले असताना कोणी मदतीला येऊन ‘पुन्हा पिन टाका’ म्हणाला, तर टाकू नये. बहुधा कार्ड त्यानेच अडकवलेले असते. तिथेच उभे राहून आधी ॲपमधून कार्ड बंद करावे. काही देशांत आधी नोटा आणि मग कार्ड बाहेर येते. आपली माणसे नोटा उचलून चालू लागतात.

फसवणूक झालीच, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणे महत्त्वाचे. चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. पण कळवायचे कुठे? १८०० ने सुरू होणारे क्रमांक परदेशातून सहसा लागत नाहीत, सायबर फसवणुकीची १९३० हेल्पलाइन ही देशातली सोय. +९१ ने सुरू होणारा बँकेचा क्रमांक कागदावर लिहून जवळ असावा लागतो, कारण मोबाइलही त्याच खिशातून जातो.

आमची मागणी अशी. समितीच्या पुढच्या बैठकीत प्रत्येक बँकेकडून, सहकारी बँकांसह, परदेशातून लागणारा क्रमांक मागवावा. वरची माहिती एका पानावर मराठीत छापून शाखांत आणि पासपोर्ट केंद्रात ठेवावी. आणखी एक गोष्ट रिझर्व्ह बँकेला कळवावी. खात्यातून रक्कम गेली पण नोटा आल्या नाहीत, तर पाच दिवसांत परतावा आणि पुढे रोज १०० रुपये भरपाई, हा सप्टेंबर २०१९ चा नियम फक्त देशांतर्गत व्यवहारांना लागू आहे. परदेशात अडकलेल्या ग्राहकाला पावती आणि मशीनचा क्रमांक घेऊन आठवडेच्या आठवडे थांबावे लागते. त्यालाही ठरलेली मुदत मिळावी.

आपले,
कार्ड व्यवहारांची जाण असलेले कोल्हापूरचे काही नागरिक