मेंढपाळ म्हणवून घेणाऱ्या मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

गेल्या नाताळात आपण आमच्या चर्चमध्ये आलात, केक कापलात आणि माईक हातात घेऊन म्हणालात, "मी तुमचा मेंढपाळ. दफनभूमीचा रस्ता पावसाळ्याआधी होणार म्हणजे होणार." पहिल्या बाकावर बसलेल्या माझ्या आईनेही टाळ्या वाजवल्या. ८१ वर्षांची होती.

मागच्या मंगळवारी ती प्रभूमध्ये निजली. शववाहिका फाट्यावरच रुतली. तिथून सहाशे पावलं गुडघाभर चिखल. माझा पाय घसरला, पेटी कलली आणि आत आई सरकल्याचा आवाज आला. रात्री झोप लागत नाही, साहेब. पुढे येऊन खांदा दिला तो माळावर मेंढरं चारणाऱ्या दोन धनगरांनी. त्यांनी भाषण केलं नाही.

आपल्याला 'मेंढपाळ' हा शब्द ज्याने लिहून दिला, त्याने 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' एवढंच वाचलं असणार. बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकापर्यंत तो पोचलेला दिसत नाही. राजाने स्वतःला मेंढपाळ म्हणवून घ्यायची हौस तशी जुनीच. बाबेलच्या (म्हणजे बॅबिलॉनच्या) हम्मुराबी राजानेही ती भागवून घेतली होती. पण यहेज्केल त्याच बाबेलात बंदिवान होता. ३३व्या अध्यायात यरुशलेम पडल्याची बातमी येते (इ.स.पू. ५८६ची गोष्ट) आणि लगेच ३४व्यात तो इस्राएलाच्या मेंढपाळांची गचांडी धरतो. चरबी तुम्ही खाल्ली, लोकर तुम्ही पांघरली. दुखणाइताला औषध नाही, मोडलेल्याला पट्टी नाही, हरवलेल्याचा शोध नाही. आमच्या तालुक्याचा अहवालच म्हणा ना.

त्याच अध्यायात माजलेली मेंढरंही आहेत. स्वतः चरून झाल्यावर उरलेलं कुरण तुडवतात, पाणी पायांनी गढूळ करतात. तुमच्या मागेपुढे फिरणारे ते ठेकेदार मला तेव्हापासून नावानिशी दिसायला लागलेत. आणि आमचेही हात स्वच्छ नाहीत. 'पाळक' (म्हणजे चर्चचे धर्मगुरू) म्हणवणाऱ्या आमच्याच लोकांनी मिशनच्या जमिनींपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कळप कुठे होता हे कुणी विचारलं? भाडोत्री माणूस लांडगा दिसला की पळतो, असं योहानाच्या शुभवर्तमानात, १०व्या अध्यायात येशू सांगतो. आमच्याकडे पळायचीही तसदी घेत नाहीत, लांडग्याबरोबर स्टेजवर बसतात.

तुमच्या कचेरीतल्या साहेबांनी मला फोनवर विचारलं, "तुमची लोकसंख्या किती?" २०११च्या जनगणनेत राज्यात आम्ही ख्रिस्ती दहा लाखांवर, शंभरात एकही धड नाही. म्हणून रस्ता नाही? अहो, शंभरातलं एक हरवलं तर नव्याण्णव सोडून त्याच्यामागे जाणारा तो मेंढपाळ! दावीद राजालाही माणसं मोजायची हुक्की आली होती. बायबलातल्या शमुवेलाच्या पुस्तकात आकडा तेरा लाख, 'इतिहास' नावाच्या पुस्तकात जवळजवळ पावणेसोळा लाख. सरकारी आकडे तेव्हापासूनच जुळत नाहीत. त्या मोजणीची शिक्षा म्हणून मरी आली, सत्तर हजार गेले. पण दावीद निदान म्हणाला तरी, "पाप मी केलं, या मेंढरांनी काय केलं?" हे वाक्य आपल्या राज्यात कुठल्या खुर्चीवरून शेवटचं ऐकलं, आठवून पाहा. पूल पडो, दवाखाना जळो, चौकशी समिती नेमायची आणि पुढच्या फितीला कात्री लावायला निघायचं. सगळेच तसे. यापूर्वीचे काय, यानंतरचे काय.

यहूदाचा यहोयाकीम राजा मजुरी बुडवून गंधसरूचा वाडा बांधत होता, हिंगुळाचा रंग देत होता. यिर्मया संदेष्ट्याने त्याला सांगितलं, तुला गाढवाची मूठमाती मिळेल, फरफटत नेऊन वेशीबाहेर टाकतील. हे मी तुम्हाला म्हणत नाही. माझ्या आईने कुणाची मजुरी बुडवली नव्हती, एवढंच म्हणतो.

खडी टाका. मुरूम टाका. सहाशे पावलंच आहेत.

यंदाच्या नाताळालाही तुम्हाला बोलवायचं मंडळींनी ठरवलंय. या. त्या दिवशीचं शास्त्रवाचन मी मागून घेतलंय: यहेज्केल ३४, पहिल्या वचनापासून. माईक आधी माझ्याकडे असेल.

आपला,
कळपातला एक मतदार