सगळं गोमरच्या माथी नको

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला होशेय संदेष्ट्यावरचा लेख वाचला. मराठी पेपरात बायबलच्या जुन्या करारावर कुणी अर्धं पान लिहितं हेच विशेष, म्हणून आधी थँक्स. पण वाचून झाल्यावर डोक्यात राहिलं ते एवढंच, की बायको वाईट चालीची, नवरा देवमाणूस, त्याने तिला परत घरात घेतलं आणि देवही आपल्याला असंच परत घेतो. एवढंच सांगायचं असतं तर चौदा अध्याय लागले नसते हो.

एक दुरुस्ती. होशेयची बायको गोमर ही देवळातली देवदासी होती असं लेखात ठोकून दिलंय. होशेयच्या पुस्तकात असं कुठंच नाहीये. दिब्लाइमची मुलगी आणि व्यभिचारी बाई, एवढीच तिची ओळख. देवळातल्या बायका येतात त्या चौथ्या अध्यायात, आणि तिथं परमेश्वर म्हणतो की तुमच्या पोरी आणि सुना वाकड्या वाटेने गेल्या म्हणून मी त्यांना शिक्षा करणार नाही, कारण पुरुष स्वतःच वेश्यांकडे जातात आणि देवळातल्या बायकांबरोबर यज्ञ करतात! चौदावं वचन, काढून बघा. मी वीसेक वर्षं संडे स्कूल घेतली, उपदेश तर किती ऐकले त्याला मोजदाद नाही, पण या वचनावर एकही ऐकला नाही.

मग होशेय बेइमान म्हणतो तरी कुणाला? याजकांना, म्हणजे देवळातल्या पुजाऱ्यांना, कारण लोकांनी जितकं जास्त पाप करावं तितकी जास्त अर्पणं येणार, म्हणजे लोकांच्या पापावरच यांचं पोट. आणि राजांना. राजा दुसरा यराबाम गेल्यावर शोमरोनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या राजधानीच्या, गादीवर जेमतेम २५ वर्षांत सहा राजे बसले आणि त्यातल्या चौघांचा खून झाला. त्यातल्या मनहेमने अश्शूरच्या (असिरियाच्या) राजाला १००० किक्कार चांदी दिली (किक्कार आणि शेकेल ही तेव्हाची वजनं), ती काढली कुठून तर राज्यातल्या पैसेवाल्यांकडून माणशी ५० शेकेल वसूल करून. कधी अश्शूरच्या पाया पडायचं कधी मिसरकडे (इजिप्तकडे) माणसं पाठवायची, होशेय याला भोळं कबूतर म्हणतो, आणि आठव्या अध्यायात तर सरळच सांगतो की एफ्राईमने, म्हणजे या इस्राएल राज्यानेच, पैसे देऊन यार ठेवलेत. व्यभिचार म्हणजे हे, नुसती घरातली भानगड नव्हे. आणि गंमत बघा, या सहातल्या शेवटच्या राजाचं नाव हिब्रूत अगदी संदेष्ट्याचंच, होशेय! अर्थ सुटका.

मला सगळ्यात आवडतं ते सातव्या अध्यायातलं, एफ्राईम म्हणजे न उलटलेली भाकर. हे वाक्य ज्याने तव्यावर भाकरी टाकलीय त्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. खालून करपली, वरून कच्ची, ना धड खायच्या कामाची ना परत पीठ होणार. शब्बाथ, सण, बळी सगळं चालू होतं की त्यांचं, पण एकाच बाजूने. म्हणूनच सहाव्या अध्यायात तुमचं प्रेम पहाटेच्या धुक्यासारखं, लवकर उडून जाणाऱ्या दवासारखं आहे असं म्हणून लगेच मला यज्ञ नको दया पाहिजे असं येतं. या दयेला हिब्रूत हेसेद म्हणतात, आणि माझ्या मते दया हा शब्द तिथं कमी पडतो. करारात दिलेल्या शब्दाला जागणं, समोरचा जागला नाही तरी आपण जागणं, असं काहीतरी ते आहे.

दुसऱ्या अध्यायात परमेश्वर इस्राएलला बायको समजून म्हणतो की त्या दिवशी तू मला ईशी म्हणशील, बआली म्हणणार नाहीस. दोन्हीचा अर्थ नवराच, पण बआल म्हणजे धनी, मालक, आणि पावसाच्या त्या कनानी दैवताचं नावही तेच. आमच्या नगरकडच्या बायका नवऱ्याला अजून मालकच म्हणतात, माझी आजी तर दुसरं काही म्हणायचीच नाही, त्यामुळे मला हे वचन लगेच कळतं. लेखात हे यायला हवं होतं. त्याच अध्यायातलं, मी तुझ्याशी कायमचा वाङ्निश्चय करीन हे वचन यहूदी पुरुष सकाळच्या प्रार्थनेत तेफिल्लिनचा (शास्त्रवचनं ठेवलेल्या चामडी डबीचा) पट्टा बोटाला गुंडाळताना म्हणतात. ठाण्यात नोकरीला असताना ऑफिसातल्या बेने इस्राएल (आपल्याकडच्या मराठी यहूदी) सहकाऱ्याने मला हे सांगितलं होतं. म्हणजे रोज सकाळी हा माणूस नवरीच्या जागी उभा!

आता जे खटकलं ते स्पष्ट लिहिते. तिला उघडी करीन, तहानेने मारीन असंही त्याच अध्यायात आहे आणि ते वाचताना मला आजही कसंतरी होतं, लेखकाने ते गाळलं. गाळून कसं चालेल? ज्या बाईने घरात मार खाल्लाय तीही हाच पाठ ऐकत बसलेली असते. आमच्या ओळखीतल्या एकीचा नवरा दारू पिऊन हात उचलायचा, तिला चर्चच्या एका पाळकांनी सांगितलं, होशेयसारखं सहन कर, क्षमा कर, घर मोडू नको. काय बोलायचं! गोमरच्या गोष्टीत बाई दोषी म्हणून बाईने ऐकायचं, आणि पुरुष दोषी असला तरी ऐकायचं बाईनेच.

याचं उत्तर होशेयनेच देऊन ठेवलंय. अकराव्या अध्यायात नवरा-बायको हे रूपकच नाही, तिथं पोराला चालायला शिकवणारा, उचलून घेणारा, वाकून भरवणारा बाप आहे (मला तर तिथं आईच दिसते). आणि हा बाप रागावलाय, सोडून द्यायला निघालाय, मध्येच थबकतो, एफ्राईमा तुला कसा सोडू म्हणतो, कारण मी देव आहे, मनुष्य नव्हे. या मनुष्यासाठी हिब्रू शब्द आहे ईश, म्हणजे ईशीमधलाच, पुरुष आणि नवरा दोन्ही अर्थांचा. मला नवरा म्हण सांगणारा देवच पुढे म्हणतो, मी पुरुष नाही. देवाचं हे सोसणं उचलून कुठल्या नवऱ्याच्या सोयीसाठी बायकोच्या गळ्यात बांधता येणार नाही, ते त्याचं एकट्याचं आहे.

पुढचा लेख येणार असेल तर तो अकराव्या अध्यायावर येऊ द्या, आणि इ.स.पू. ७२२ टाळू नका. कसा सोडू म्हणाला, तरी त्या सुमारास शोमरोन पडलंच, अश्शूरी राजा सर्गोनने आपल्या शिलालेखात २७ हजारांवर माणसं नेल्याचं कोरून ठेवलंय. मग कसा सोडू म्हणाला त्याचं काय झालं, हे मी संडे स्कूलच्या पोरांना कधी नीट सांगू शकले नाही. तुमच्या लेखकाला जमत असेल तर वाचायला आवडेल.

आपली,
एक नियमित वाचक, अहिल्यानगर