बाबा, त्या कॅप्सूल आधी डॉक्टरांना दाखवा

प्रिय आई-बाबा,

सा. न.

काल फोनवर मी एकदम ‘त्या अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल थांबवा’ म्हणाले आणि आई, तू गप्पच झालीस. बाबांचं रेडिएशन सुरू होणार म्हणून तू त्या किती जिवापाड काळजीने आणल्यास, ते मला कळतं. म्हणून कारण सविस्तर लिहिते.

प्राणवायू वापरताना प्रत्येक पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे उपद्रवी रेणू तयार होतात. ते फार साठले की पेशीतली प्रथिनं, डीएनए सगळं होरपळतं. कर्करोगाच्या पेशीत तर हा जाळ जास्तच असतो. तरी ती तग कशी धरते, याच प्रश्नावर माझं काम चालतं.

पेशीत एनआरएफ२ नावाचं प्रथिन असतं. एरवी कीप१ हे दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि वीसेक मिनिटांत मोडीत काढायला लावतं. होरपळ वाढली की कीप१ची पकड सुटते. मग एनआरएफ२ केंद्रकात शिरून ग्लुटाथिऑनसारखी संरक्षक रसायनं बनवणारी जनुकं चालू करतं. धोका टळला की पुन्हा पकड बसते. काही गाठींमध्ये मात्र कीप१च बिघडलेलं असतं आणि ते संरक्षण रात्रंदिवस चालू राहतं.

मी वाढवते त्या ए५४९ पेशी अशाच. १९७२ साली एका ५८ वर्षांच्या माणसाच्या फुप्फुसातल्या गाठीतून त्या घेतल्या. बाबा, तुमच्याहून लहान होता तो. गेल्या आठवड्यात एका ताटलीतल्या पेशींचं एनआरएफ२ मी बंद पाडलं, दुसरीतलं तसंच ठेवलं आणि दोन्हींवर सारखंच पेरॉक्साइड घातलं. दुसऱ्या दिवशी पहिलीतल्या बऱ्याच पेशी आकसून, गोल होऊन, तळ सोडून तरंगत होत्या. दुसरीतल्या तळाला घट्ट चिकटलेल्या. मी बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले नाहीत. तुमचाच विचार येत होता.

रेडिएशनचे किरण पेशीतल्या पाण्यापासून असेच जहाल रेणू तयार करतात आणि गाठीचा डीएनए बराचसा त्यांच्यामुळेच तुटतो. ते विझवणारं औषध, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, बाहेरून दिलं, तर गाठीलाही आडोसा मिळू शकतो. बाबांच्या बाबतीत तसं होईलच असं मी म्हणत नाही. पण फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली होती. कर्करोग टळावा म्हणून बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिलेल्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट १८ टक्के जास्त आढळला, हे १९९४ साली जाहीर झालं. उंदरांत ई जीवनसत्त्व या दुसऱ्या अँटिऑक्सिडंटने फुप्फुसातल्या गाठी भराभर वाढल्याचं २०१४ साली दिसलं. एवढं माहीत असून मी गप्प कशी बसू?

आई, तुझं काही चुकलेलं नाही. सोमवारी जाताना ती बाटली लेबलासकट पिशवीत टाक आणि तपासणीच्या आधीच डॉक्टरांच्या हातात दे. बाबा, तोपर्यंत एकही घेऊ नका. रात्री फोन करते, ते काय म्हणाले ते शब्दशः सांगा.

तुमची,
ताई