उरलेलं ‘देतो’ म्हणजे नक्की काय करतो?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अन्न वाया घालवण्याचा विषय निघाला की आपण सगळे लगेच दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवतो. मध्यमवर्गीय म्हणतात, श्रीमंतांच्या पार्ट्या बघा एकदा. श्रीमंत म्हणतात, आमच्याकडे कोण एवढं जेवतंय, हॉटेलवाल्यांना विचारा. आणि दोघं मिळून शेवटी म्हणतात की गरिबांनाही किंमत नाही हो, फुकट मिळालं की टाकतात. हे शेवटचं वाक्य मीसुद्धा बोललेय, चांगलं दोनचार वेळा बोललेय, म्हणूनच हे पत्र.

आमच्याकडे घरकामाला एक मावशी येतात. उरलेलं अन्न मी त्यांना डब्यात भरून देते, बरीच वर्षं झाली. मध्यंतरी एकदा त्या निघाल्या आणि त्यांची छत्री राहिली म्हणून मी मागोमाग खाली गेले तर त्या कचऱ्याच्या डब्यापाशी उभ्या होत्या. मी दिलेल्या डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला, तोंड जरा वाकडं केलं आणि डबा पालथा केला. मग शेजारच्या नळावर तो नीट विसळला, परवा मला परत द्यायचा म्हणून. मी छत्री घेऊन तशीच वर आले. खरं सांगायचं तर आधी रागच आला, खाऊन माजावं पण टाकून माजू नये वगैरे सगळं डोक्यात आलं.

रात्री मग हिशोब केला. त्या डब्यातला भात रविवारी दुपारचा. संध्याकाळपर्यंत ओट्यावरच होता, कोणी उचललाच नाही. रात्री फ्रिजमध्ये गेला. सोमवारी मी तो पाहिला आणि उद्या बघू म्हटलं, मंगळवारी पाहिला आणि तोंड फिरवलं, बुधवारी मावशींना दिला आणि वर प्रेमाने सांगितलं की मस्त गरम करून खा हं. म्हणजे टाकला मीच होता, तोही सोमवारीच. कचऱ्यापर्यंत न्यायचं काम तेवढं त्यांच्याकडून करून घेतलं.

बरं ते गरम करून खाण्याचं सुद्धा अर्धवटच आहे, हे मला नंतर कळलं. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला की बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू त्यात वाढतात, त्यांचे बीजाणू, म्हणजे त्यांचं झोपेतलं टणक रूप, शिजवताना मरत नाहीत आणि त्यांनी केलेलं एक विष परत गरम करूनही जात नाही. फ्रिज हे सगळं हळू करतो, थांबवत नाही. मी जे दयाबुद्धीने दिलं ते मावशींनी खाल्लं असतं आणि त्या आजारी पडल्या असत्या तर मी बहुतेक त्यांची सुट्टी मोजली असती. असो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये अन्न-नासाडीचा अहवाल काढला, त्यात 2022 सालाचा जगाचा आकडा 105 कोटी टन आहे. साली, बिया, हाडं असं न खाण्याजोगंही त्यात धरलंय. पण यातलं साधारण 60 टक्के घरांमधून जातं, हॉटेलं आणि दुकानं त्यानंतर. माणशी धरलं तर घरातून वर्षाला सुमारे 79 किलो. आणि मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे की श्रीमंत देश आणि मधल्या उत्पन्नाचे देश यांच्या घरगुती सरासरीत माणशी फक्त 7 किलोचा फरक निघाला. ही देशांची सरासरी आहे, एकाच गावातल्या बंगल्याची आणि झोपडीची तुलना नाही, हे मान्य. पण नासाडी म्हणजे श्रीमंतांचा आजार हे मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत होते, ते आता जरा जपून बोलायला हवं.

माझ्या मते फरक किलोपेक्षा टाकण्याच्या पद्धतीत आहे. ज्यांच्याकडे खूप आहे त्यांना टाकलेलं दिसतच नाही, ताट उचलणारा वेगळा आणि ते रिकामं करणारा वेगळा. ज्याचं हातावर पोट आहे तो रोजच्या पुरतं आणतो, सुटं घेतल्यामुळे किलोमागे आपल्यापेक्षा जास्तच पैसे मोजतो, आणि त्याच्याकडे काही नासलं तर बहुतेक वेळा फ्रिज नाही म्हणून किंवा लाईट गेली म्हणून, आणि त्याला ते आठवडाभर लक्षात राहतं. आम्ही मधले मात्र स्वस्त पडतं म्हणून दोनावर एक फ्री उचलतो, ड्रॉवरमध्ये तळाशी काकडी पार पाणी होईपर्यंत पडलेली असते, आणि तरी आम्ही टाकत नाही. आम्ही फक्त उद्यावर ढकलतो. फ्रिज म्हणजे आमच्याकडचं वेटिंग लिस्ट, कन्फर्म कोणीच होत नाही. पाकिटावरच्या ‘बेस्ट बिफोर’चंही तेच, ती तारीख चवीसाठी असते, ‘यूज बाय’ ती सुरक्षिततेची, पण आम्ही धडधाकट पाकीट तारीख उलटली म्हणून टाकतो आणि चार दिवसांचा भात मात्र दान करतो.

एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली. पाहुणे येणार म्हटलं की कमी पडलं तर लाज जाईल ही धास्ती बंगल्यात असते तशीच एका खोलीतही असते, म्हणून अंदाजापेक्षा वाढीवच रांधलं जातं. आणि उरलेलं संपवायचं काम बहुतेक घरात बाईवरच येतं, ओट्याशी उभ्याउभ्या, टाकवत नाही म्हणून, भूक असो नसो. ते कुठल्या आकड्यात धरत असतील?

आठवड्याभराने मी मावशींना विचारलंच. त्या दिवशीचं टाकलंत का म्हणून. त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “ताई, चांगलं असतं ते घरी नेतेच की. ते आंबलं होतं. तुम्ही एवढं प्रेमानं दिलेलं, तोंडावर नको कसं म्हणू?”

एवढी वर्षं त्यांनी नको म्हटलं नव्हतं कारण मी विचारलंच नव्हतं, सरळ डबा हातात द्यायचे. आता ज्या दिवशी उरतं त्याच दिवशी, मी स्वतः जे जेवले असते तेच, आणि हवंय का असं विचारून देते. परवापासून त्या दोनदा नको म्हणाल्या. दोन्ही वेळा ते मला माझ्याच हाताने टाकावं लागलं, आणि कालपासून भाताचं माप अर्ध्या वाटीने कमी केलंय.

आपली,
एक नेहमीची वाचक