इंजेक्शन घेण्याआधी एवढं वाच

पुणे, रविवार रात्र

प्रिय संजा,

परवा फोनवर तू इतक्या घाईत विषय बदललास की मला बोलताच आलं नाही. सारखं दमायला होतं, इच्छाच उरली नाही, जिमचा ट्रेनर म्हणतोय आठवड्याला एक टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, इंजेक्शन घे, हे एका दमात सांगितलंस आणि लगेच पोरांच्या शाळेवर आलास. मधेच पुटपुटलास की डावी गोटी संध्याकाळपर्यंत जड होते. ते मी ऐकलंय. म्हणून हे पत्र.

पाच वर्षांपूर्वी मी तेच इंजेक्शन घेत होतो. तुलासुद्धा सांगितलं नव्हतं. जिममधला एकजण आणून द्यायचा, तोच टोचायचा. पहिले काही महिने खरंच बरं वाटलं. दंड भरले, सकाळी उठताना हुरूप असायचा. तेव्हा आम्ही मुलासाठी वाट बघत होतो. वर्ष गेलं. सगळ्या तपासण्या हिच्या झाल्या, सोनोग्राफी हिची, रक्त हिचं, उपासतापासही हिनेच केले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझं वीर्य तपासायला लावलं. रिपोर्टवर शुक्राणूंच्या रकान्यात एकच शब्द होता, निल.

पुढच्या डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक माळ काढली. लांबट गोल मणी, हरभऱ्यापासून लिंबाएवढ्यापर्यंत वाढत जाणारे, प्रत्येकावर मिलिलिटरचा आकडा. एका हाताने मला तपासत दुसऱ्या हाताने ते मणी सरकवत होते. मोठ्या माणसाचं वृषण साधारण १५ ते २५ मध्ये बसतं. त्यांचं बोट १० वर थांबलं. त्यांनी वर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "काही टोचून घेता का?" वर्षभरात मला हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. मी तिथेच रडलो, संजा.

झालं काय होतं, ते तुझ्या दुकानातल्या मालावरून सांगतो. तू बॉलकॉक विकतोस ना? टाकी भरली की तो वर येतो आणि पाणी बंद होतं. आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिच्युटरी ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच अशी दोन हार्मोन्स खाली धाडते. एलएच पोचलं की वृषण टेस्टोस्टेरॉन बनवतात. एफएसएच शुक्राणूंच्या कामाला लागतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन ओतलं की पिच्युटरीला वाटतं टाकी भरली, आणि ती दोन्ही थांबवते. मग रक्तातला आकडा झकास दिसतो, पण वृषणाच्या आत कोरडं पडतं. शुक्राणू तयार व्हायला तिथे रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, ते इंजेक्शनने तिथवर पोचत नाही. वृषण आकसतात ते त्यामुळेच. माझं एलएच जवळजवळ शून्य आलं होतं.

ते इंजेक्शन बंद केलं. वृषणांना जागं करायला एचसीजीची वेगळी इंजेक्शनं डॉक्टरांच्या हातून सुरू झाली, कारण ते एलएचसारखंच काम करतं. सुरुवातीचे तीन महिने फार वाईट गेले, अंथरुणातून उठवत नव्हतं. एक शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, त्यामुळे घाई करून उपयोग नव्हता. अकराव्या महिन्यात रिपोर्टवर आकडा आला. सगळ्यांचं इतकं परत येतंच असं नाही.

आता तुझं. दहावीत तुला गालगुंड झालं होतं आणि एक बाजू सुजली होती, आठवतं? तू आठवडाभर शाळेत आला नव्हतास, आणि आम्ही हसलो होतो. वयात आल्यावरच्या गालगुंडात वृषण सुजून नंतर लहान होऊ शकतं. हे डॉक्टरांना आठवणीने सांग. टेस्टोस्टेरॉन खरंच कमी असेल तर बिघाड कुठे आहे ते एलएचवरून कळतं. ते जास्त असेल तर बिघाड वृषणात असतो. तेही कमी किंवा जेमतेम असेल तर वर पिच्युटरीत बघावं लागतं, तिचंच आणखी एक हार्मोन, प्रोलॅक्टिन, तेही तपासतात. पण रक्त सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी द्यायचं. जागरणानंतर किंवा तापात दिलंस तर आकडा उगाच खाली येतो. आणि थायरॉइड, साखर यांचाही थकवा असाच असतो. वहिनी म्हणत होत्या तू झोपेत घोरता घोरता श्वास अडकून दचकतोस. ते एकटंसुद्धा माणसाला असं दमवतं.

जडपणाचं मात्र आधी बघायचं. बहुतेक करून ती व्हॅरिकोसील असते, म्हणजे शिरा फुगतात. उभं राहिल्यावर वाढते, आडवं झाल्यावर ओसरते, आणि डावीकडेच जास्त सापडते. गरम पाण्याने अंघोळ करताना दोन्ही बोटांत हलकेच फिरवून बघ. वर मऊ गुंता लागला तर शिरा असतील. पण वृषणातच न दुखणारी कडक गाठ लागली तर दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफी. कॅन्सर म्हटलं की तू हाय खाशील, पण हा लवकर सापडला तर जवळजवळ सगळे बरे होतात, आणि एका वृषणावर हार्मोनही चालतं, मुलंही होतात. युवराज सिंगच्या छातीतली गाठ याच जातीच्या पेशींची होती, आणि २०१२ मध्येच तो पुन्हा भारताकडून खेळला. आणि कधी अचानक जीव जाईल असं दुखलं तर सकाळची वाट बघायची नाही. वृषणाला पीळ बसला तर वाचवायला जेमतेम सहा तास असतात.

मी शुक्रवारी रात्री निघतोय. शनिवारी सकाळी आठला लॅबच्या दारात दोघं उभे असू, नंतर सोनोग्राफी. शुक्रवारी दुकान लवकर बंद कर आणि वेळेवर झोप. वहिनींना मी काही बोललेलो नाही, पण तू सांगितलंस तर बरं. मी हिला सांगितलं तेव्हा ती चिडेल असं वाटलं होतं. ती नुसती हात धरून बसली होती.

ट्रेनरला अजून पैसे दिले नसशील तर देऊ नकोस.

तुझा,
अव्या