मामा, त्या फुटलेल्या नळीबद्दल

मामा, साष्टांग नमस्कार.

तुम्ही कॉलेजच्या लॅबमधून रिटायर झालात असं परवा कळलं, म्हणून आता उघड लिहितोय. आधी लिहिलं असतं तर फुटलेल्या काचसामानाच्या, म्हणजे ब्रेकेजच्या रजिस्टरवरून कुणीतरी तुम्हालाच जाब विचारला असता.

बारावीला माझी केमिस्ट्री राहिली, तेव्हा बाबांनी उसाच्या बिलातून पैसे काढून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासला भरले. तिथं ऑरगॅनिक म्हणजे नुसतं पाठांतर. इथेनॉलमध्ये तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, ४१३ केल्विनला ईथर, ४४३ ला ईथीन. माझं नेमकं उलटं व्हायचं. "असं का होतं?" म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "परीक्षेत का विचारत नाहीत." पुन्हा विचारलं तर "आर्ट्सला जा." सगळा वर्ग खो खो हसला. (आर्ट्सवाल्यांनी काय घोडं मारलंय, ते मला अजून कळलेलं नाही.)

कॉलेजात तरी वेगळं काय होतं? ब्रोमीनच्या पाण्याचा प्रयोग जर्नलमध्ये होता, टेबलावर कधी आलाच नाही. मागच्या वर्षीचं जर्नल बघून 'रंग नाहीसा झाला' असं उतरवून काढायचं. कुठला रंग, कुणाला ठाऊक!

त्या संध्याकाळी लॅबबाहेरच्या पायरीवर बसलो होतो. तुम्ही किल्ल्यांचा जुडगा वाजवत आलात आणि म्हणालात, "आत ये की. रंग बघायचाय न्हवं?" खिडक्या उघडल्या. ब्रोमीनचं तांबूस पाणी नळीत ओतलं, वर शेंगतेल टाकलं आणि नळी माझ्या हातात दिली. माझा हात थरथरत होता. बूच लावायच्या आधीच नळी निसटून सिंकमध्ये फुटली.

आधी एकदा फुटली होती तेव्हा सगळ्यांसमोर नाव पुकारून दंड झाला होता. त्यामुळे मी आधी रजिस्टरकडंच बघितलं. तुम्ही तिकडं बघितलंसुद्धा नाही. नळ सोडला, काचा स्वतः गोळा केल्या आणि रॅकच्या मागून दुसरी नळी काढली. पाणी भरून, तेल घालून, बूच लावून तयार. "दोन ठेवल्यात. पैली फुटतीयाच."

मामा, मला पुढचं काही आठवलं नाही तरी चालेल, ती दुसरी नळी आठवते. मी चुकणार हे तुम्ही धरून चालला होतात आणि त्यात तुम्हाला काहीच वावगं वाटलं नव्हतं.

मी हलवत राहिलो. हळूहळू तांबूसपणा उतरत गेला आणि तेलाखालचं पाणी नितळ झालं. शेजारच्या नळीत लिक्विड पॅराफिन होतं, तिथला रंग काही नाहीसा झाला नाही. तेलात दुहेरी बंध असतात, ब्रोमीन त्यांना जाऊन चिकटतं आणि रंग जातो; पॅराफिनात ते नसतात, एवढंच. पण ते डोळ्यांनी बघितलं होतं.

मग तुमची फुगडी. "दोन कार्बन म्हंजे दोन पोरी, दोन्ही हात धरलेल्या. हे ईथीन. आता दोघींनी एकेक हात सोडायचा आणि शेजारच्या जोडीतल्या पोरीचा धरायचा. अशा हजार जोड्या एका वळीत आल्या की झाली पॉलिथिनची पिशवी." मी म्हटलं, मग पिशवीत दुहेरी बंध उरला कुठं? तुम्ही हसलात. "नावात उरलाय." आणि ४१३-४४३ चं कोडंही तिथंच सुटलं. उष्णता कमी असली की अल्कोहोलचे दोन रेणू मिळून पाण्याचा एक रेणू सोडतात, ते ईथर. जास्त तापवलं की एकेक रेणू आपापलं पाणी सोडतो, ते ईथीन. मळीपासून अल्कोहोल, अल्कोहोलपासून ईथीन, ईथीनपासून पिशवी! आमच्या रानातल्या उसापासून पिशवीपर्यंत एकच गोष्ट होती आणि क्लासनं तिचे तीन धडे करून तीन फिया घेतल्या होत्या.

हे सगळं कुठं शिकलात विचारलं, तर म्हणालात, "सर बोलत्यात, मी ऐकतो. फळा पुसायला मीच असतोय."

आता मी शिरोलीत एका प्लास्टिकच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. रोज पॉलिथिनचा दाणा हातात असतो. एलडीच्या, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिनच्या साखळ्यांना फांद्या असतात, त्या दाटीनं बसत नाहीत, म्हणून पिशवी मऊ. एचडीच्या, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिनच्या साखळ्या बऱ्यापैकी सरळ, दाट बसतात, म्हणून ती पिशवी कुरकुरते. ईथीनवर प्रचंड दाब देऊन १९३३ साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पॉलिथिन मिळालं आणि १९५३ मध्ये झीग्लर या जर्मन केमिस्टनं कमी दाबाची वाट काढली, हे नव्या पोरांना सांगतो. पण सुरुवात फुगडीनंच करतो. नवीन पोराच्या हातून सॅम्पल सांडलं तर ओरडायच्या आधी रॅकच्या मागं हात जातो. तिथं दुसरं ठेवलेलं असतं.

रविवारी घरी येतोय. त्या नळीचे पैसे तुम्ही घेणार नाही, हे माहीत आहे. म्हणून घाण्यावरच्या शेंगतेलाचा डबा आणतोय. त्याला नाही म्हणू नका.

तुमचा,
दोन नळ्यावाला