बोडियमचा जलवेष्टित किल्ला

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परांड्याचा खंदक पाहिल्यापासून तुला भुईकोटांची ओढ लागली आहे, म्हणून इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील बोडियम किल्ल्याविषयी लिहितो आहे. फ्रान्समधील लढायांत पैसा आणि नाव कमावलेल्या सर एडवर्ड डॅलिंग्रिज या सरदाराला, पत्नीकडून आलेल्या या जहागिरीत तटबंदी उभारण्याचा परवाना दुसऱ्या रिचर्ड राजाने १३८५ साली दिला. फ्रेंचांनी १३७७ मध्ये जवळचे राय बंदर जाळले होते आणि परवान्यातही शत्रूपासून मुलखाचे रक्षण हेच कारण नोंदलेले आहे.

याला बालेकिल्ला नाही. मधल्या चौकाभोवतीच्या वाड्यांची बाहेरची भिंत हाच तट आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार गोल बुरूज. खरे कौशल्य दिसते ते प्रवेशात. मूळचा लाकडी पूल समोरून नव्हता. तो पश्चिम काठावरून निघून एका अष्टकोनी बेटावर येई आणि तिथून काटकोनात वळून उत्तरेच्या दरवाज्याकडे जाई. ढाल डाव्या हातात धरून पुलावरून चालणाऱ्या शत्रूची उघडी उजवी बाजू त्यामुळे बेटापर्यंत तटाच्या माऱ्यात राहत असे. दरवाज्याशी पोहोचल्यावरही वरच्या बाहेर काढलेल्या कठड्याच्या तळाला खालच्या शत्रूवर मारा करण्यासाठी भोके, भिंतीत तोफांसाठी जंग्या आणि पुढे लोखंडाने मढवलेली, वरून सोडायची लाकडी जाळी होतीच.

तरीही हा किल्ला केवळ दिखाव्याचा होता, असे काही अभ्यासक म्हणतात, कारण खंदकाचे पाणी मातीच्या बांधाने अडवलेले आहे आणि तो बांध खणून फोडता आला असता. मला हे मत एकांगी वाटते. ज्या पाण्यात सरदाराचे वैभव दुप्पट दिसे, तेच पाणी सुरुंग लावणाऱ्यांना तटाच्या पायापर्यंत पोहोचू देत नसे, आणि अठ्ठावीस शौचकूपांची घाणही त्यातच पडत असे.

सतराव्या शतकातील यादवी युद्धानंतर आतील इमारती पाडण्यात आल्या. १८२९ मध्ये जॉन फुलर यांनी किल्ला विकत घेतला, म्हणून उरलेले बांधकाम वाचले. वंगभंगामुळे आपल्याकडे ज्यांचे नाव रागाने घेतले जाते, त्या लॉर्ड कर्झन यांनी पुढे तो घेऊन खंदक उपसला, डागडुजी केली आणि १९२५ मध्ये मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या स्वाधीन केला. भारतातील प्राचीन वास्तूंच्या जतनाचा १९०४ चा कायदाही त्यांच्याच कारकिर्दीतला.

बांधाच्या मुद्द्यावर तुझे मत सविस्तर कळव.

तुझा,
माधव